रक्ताच्या रिपोर्टवरून विषाणूसंसर्गाचा धोका कसा ओळखावा

केमोथेरपी सुरू असलेल्या, मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्या किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाचा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट हाती आला की घरातल्यांची नजर एकूण पांढऱ्या पेशींवर जाते आणि तो आकडा ठीक दिसला की कागद फाइलमध्ये जातो. विषाणूसंसर्गाच्या बाबतीत मात्र एवढे पाहून भागत नाही. या पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल मुख्यतः जिवाणू व बुरशी यांच्याशी लढतात. विषाणू शिरलेल्या पेशी हुडकून नष्ट करण्याचे काम प्रामुख्याने लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे असते. स्टेरॉइडमुळे तर न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात, त्यामुळे एकूण आकडा उलट चांगलाच दिसतो.

म्हणून प्रथम लिम्फोसाइटची प्रत्यक्ष संख्या काढावी. ती छापलेली नसल्यास एकूण पांढऱ्या पेशींना लिम्फोसाइटच्या टक्केवारीने गुणावे. एका मायक्रोलिटर रक्तात एकूण ९,००० पेशी व १५ टक्के लिम्फोसाइट असतील तर संख्या १,३५० येते. एकूण १,२०० व ४० टक्के असतील तर अवघी ४८०. नुसती टक्केवारी पाहणारा नेमका दुसऱ्या रिपोर्टवर निश्चिंत होतो. प्रौढांमध्ये ही संख्या साधारण १,००० ते ४,००० असते. (लहान मुलांत ती बरीच जास्त असते, त्यांना हे माप लावू नये.) ती ५०० च्या खाली गेली तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर ती २०० च्याही खाली असेल, तर आरएसव्हीसारख्या श्वसनविषाणूची सर्दी फुप्फुसांत उतरण्याचा धोका बराच वाढतो.

एचआयव्हीबाधितांनी सीडी४ (एका प्रकारच्या लिम्फोसाइटचा आकडा) पाहावा. तो निरोगी प्रौढात सुमारे ५०० ते १,५०० असतो. २०० च्या खाली संधिसाधू (प्रतिकारशक्ती खालावल्यावर डोके वर काढणाऱ्या) संसर्गांचा धोका वाढतो आणि ५० च्या खाली सायटोमेगॅलो विषाणूमुळे दृष्टीही जाऊ शकते, म्हणून नजर धूसर झाल्यास नेत्रतपासणी लांबवू नये.

रिटुक्सिमॅब (काही रक्तकर्करोग व संधिवातावरचे औषध) घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. या औषधाने बी पेशी (प्रतिपिंडांसाठी लागणारे लिम्फोसाइट) संपतात व प्रतिपिंडे कमी होतात, पण टी पेशी (लिम्फोसाइटचा दुसरा प्रकार) शाबूत असल्याने लिम्फोसाइटचा आकडा दिलासा देणारा दिसू शकतो. हे औषध सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे ना, हे विचारून घ्यावे, कारण दबलेला विषाणू पुन्हा उसळू शकतो.

ताप आल्यावर आधी थर्मामीटर लावावा, पॅरासिटामॉल नंतर. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लगेच फोन करावा. फ्लू असेल तर ओसेल्टामिविर हे विषाणूविरोधी औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालेले सर्वांत उपयोगी पडते. सुरगाणा किंवा पेठहून नाशिक गाठायला वेळ लागतो, तेव्हा रात्री कोणत्या रुग्णालयात जायचे हे आधीच ठरवावे आणि तापापूर्वीच्या रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. विषाणूसंसर्गानेही लिम्फोसाइट तात्पुरते घटतात. जुना आकडा समोर नसेल तर ही घट आजची की आधीपासूनची, हे डॉक्टरांना कळत नाही.

घरातल्या सर्वांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. रुग्णाला कांजिण्या किंवा गोवरासारखी जिवंत विषाणूची लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रामकुंडाच्या गर्दीत अशा रुग्णाने जाऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. आकडा कमी दिसला म्हणून स्टेरॉइड किंवा प्रत्यारोपणाची औषधे मात्र कोणीही परस्पर बंद करू नयेत.