पेअर प्रोग्रॅमिंग: कीबोर्ड हाती नसलेल्याचे काम

पेअर प्रोग्रॅमिंगमध्ये दोघे प्रोग्रॅमर एकाच कामावर एकत्र बसतात. कीबोर्ड ज्याच्या हाती तो ड्रायव्हर आणि दुसरा नॅव्हिगेटर. १९९० च्या दशकात केंट बेक यांनी एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर बनवण्याच्या कार्यपद्धतीत जोडीने काम करण्याला रोजच्या कामाचे स्थान दिले. ती फसते तेव्हा नॅव्हिगेटर बहुधा नुसता पाहत बसलेला असतो, असे माझे निरीक्षण आहे.

म्हणून त्याचे काम आधी ठरवून घ्यावे. सुटलेला कंस दाखवण्यासाठी एडिटर (कोड लिहिण्याचे सॉफ्टवेअर) आहे. नॅव्हिगेटरने पुढची पायरी, निसटलेली शक्यता आणि धंद्याचे नियम यांवर लक्ष ठेवावे. समजा, रत्नागिरीच्या एखाद्या बागायतदारासाठी हापूसच्या विक्रीची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम दोघे लिहीत आहेत आणि ड्रायव्हरने प्रत्येक पेटीत ठरावीक डझन फळे धरून हिशेब मांडायला घेतला. फळाच्या आकारानुसार पेटीतले डझन बदलतात, हे ज्याने पेट्या भरताना पाहिले आहे, तो तिथेच विचारतो, ‘डझनांचा आकडा प्रत्येक पेटीसोबत वेगळा नोंदवायचा ना?’ एकही नोंद साठवलेली नसताना डेटाबेसची रचना सुधारते. हाच प्रश्न हंगाम सुरू झाल्यावर निघाला असता, तर जुन्या सगळ्या नोंदी तपासाव्या लागल्या असत्या.

असे प्रश्न सुचण्यासाठी ड्रायव्हरनेही काय करतो आहे ते बोलत राहावे. एकाने नापास होणारी टेस्ट (अजून न लिहिलेला कोड तपासणारा छोटा प्रोग्रॅम) लिहावी, दुसऱ्याने कोड लिहून ती पास करून पुढची टेस्ट लिहावी आणि कीबोर्ड परत द्यावा. घड्याळ लावून केलेल्या अदलाबदलीपेक्षा मला हे अधिक पटते. जोडीत एक जण नवखा असेल, तर कीबोर्ड जास्त वेळ त्याच्याकडे असावा.

युटा विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या प्रयोगात जोड्यांचा एकूण वेळ सुमारे १५ टक्क्यांनी वाढला, पण दोषही जवळपास तितकेच घटले. त्यामुळे सरावाची, किरकोळ कामे एकट्याने उरकावीत. अवघड आणि अनोळखी कामांना जोडी द्यावी.

कोकणात राहून पुण्या-मुंबईच्या सहकाऱ्याबरोबर काम करणाऱ्यांनी पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट जाणार हे धरूनच चालावे. कॅमेरा बंद करून फक्त आवाज ठेवावा, स्क्रीनचे चित्र पाठवण्याऐवजी व्हीएस कोड या एडिटरचे लाइव्ह शेअर (दोघांना एकच कोड आपापल्या संगणकावर उघडून बदलू देणारी सोय) वापरावे आणि प्रत्येक अदलाबदलीपूर्वी कमिट करून पुश करावे (झालेले बदल नोंदवून सामायिक सर्व्हरवर पाठवावेत), म्हणजे मालवणात वीज गेली तरी पुण्यातला सहकारी त्याच टेस्टपासून काम पुढे नेऊ शकतो.