पावसाळ्यात ड्रॉवर अडकतोय? रंधा मारण्याआधी या चुका टाळा

जून संपत आला की कोल्हापुरात हवेत ओल भरते आणि घरोघरी ड्रेसिंग टेबलाचे, जुन्या कपाटांचे ड्रॉवर चिकटायला लागतात. गौरी-गणपतीच्या तोंडावर काठपदर, साज, तोडे काढायची घाई असते. अशा वेळी मिस्त्री दारात आला की सांगणं ठरलेलं: "ड्रॉवर निघंना झालाय, जरा रंधा मारून द्या की."

तिथंच नुकसान होतं. एकदा तासलेलं लाकूड परत येत नाही. ऑगस्टमध्ये बरोबर बसवलेला ड्रॉवर फेब्रुवारीत सुकतो आणि खुळखुळायला लागतो. रंधा सगळ्यात शेवटी. त्याआधी ड्रॉवर कुठं अडकतोय आणि कशामुळं, हे शोधायला हवं.

भलतीकडंच घासणं

लाकूड ओल धरतं तेव्हा ते नसेच्या, म्हणजे लाकडातल्या रेषांच्या, आडवं फुगतं, नसेच्या लांबीत जवळपास फुगत नाही. ड्रॉवरच्या बाजूच्या फळ्यांची नस पुढून मागं जाते, म्हणजे पावसात त्या फळ्यांची उंची वाढते. पुढच्या फळीचंही तसंच. भरीव लाकडाचा ड्रॉवर पावसाळ्यात बहुतेक वेळा वरच्या कडेला अडकतो. लोक मात्र डाव्या-उजव्या बाजूला पॉलिश पेपर घासत बसतात. त्यानं अडकणं तर जात नाहीच, उलट दोन्हीकडं जागा सैल झाली की ड्रॉवर तिरका सरकतो आणि कोपऱ्यात आणखी घट्ट रुततो.

जागा शोधायला ड्रॉवर रिकामा करून पूर्ण बाहेर काढा. जिथं घासतंय तिथं लाकूड चकचकीत किंवा काळपट झालेलं दिसतं. दिसत नसेल तर कडांना शाळेचा खडू फासा आणि ड्रॉवर दोनदा आत-बाहेर करा. जिथला खडू पुसला गेला, तीच जागा. तेवढ्याच जागेवर आधी 80 नंबरचा, मग 120 नंबरचा पॉलिश पेपर नसेच्या दिशेनं हलक्या हातानं फिरवा आणि मधे मधे ड्रॉवर लावून बघा. गणपती निघतील इतपत काम होतं. उरलेलं दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावर ठरवायचं.

हिसका मारणं

एकाच मुठीला धरून ओढलं की ड्रॉवर आत तिरका होतो. जोर वाढवला तर पुढच्या फळीचा सांधा उकलतो, आणि मग ओलीचं दुखणं बाजूला राहून सांध्याचं काम निघतं. दोन्ही मुठी धरा, थोडं उचलून, एकदा डावीकडं एकदा उजवीकडं असं हळूहळू पुढं आणा. अगदीच रुतला असेल तर वरचा ड्रॉवर काढून मोकळ्या जागेतून हात घाला आणि मागून ढकला. तेही जमत नसेल तर कपाटाच्या पाठीचा प्लाय खोलून मागून ढकलता येतं.

खोबरेल, मशीनचं तेल, साबण

लाकडी पट्टीवर चालणाऱ्या ड्रॉवरला तेल कधीच लावू नका. लाकूड तेल पितं, त्यावर धूळ बसते, महिन्याभरात काळा चिकटा तयार होतो आणि तो साड्यांनाही लागतो. साबणाचा तुकडा घासायची जुनी सवय अनेक घरांत आहे. कोरड्या दिवसांत चालून जाते, पण साबण हवेतली ओल ओढतो, म्हणून पावसाळ्यात नको. साधी पांढरी मेणबत्ती घ्या. ड्रॉवरच्या खालच्या कडा आणि आतली पट्टी कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसून त्यावर मेण दाबून घासा. मेण पाण्याला धरत नाही आणि कपड्यांना डाग पाडत नाही. माझ्या मते अर्ध्याहून जास्त तक्रारी एवढ्यावर मिटतात.

फरशी न बघणं

पेठांमधल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते आणि ती क्वचितच सपाट असते. कपाटाचा एक पाय अधांतरी राहिला की चौकट तिरपी होते आणि चांगला ड्रॉवरही अडकतो. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपनं मोजा. माप वेगळं आलं तर दोष चौकटीत आहे. मोकळ्या पायाखाली सनमायकाचा तुकडा सारा, पुन्हा मोजा, मग ड्रॉवर लावून बघा.

चॅनेल असलेला ड्रॉवर

नव्या फर्निचरमध्ये बॉल बेअरिंगचे टेलिस्कोपिक चॅनेल, म्हणजे गोळ्यांवर एकात एक सरकणाऱ्या धातूच्या पट्ट्या, असतात. त्यांना मेण लागत नाही. आधी स्क्रू बघा. एखाद्या स्क्रूचं डोकं वर आलेलं असतं आणि त्यावर चॅनेल अडतं. पार्टिकल बोर्डात स्क्रू फिरत राहिला तर लोक जाडा स्क्रू ठोकतात, त्यानं भोक आणखी फाटतं. भोकात फेव्हिकॉल लावून काडेपेटीच्या काड्या भरा, रात्रभर वाळू द्या आणि तोच स्क्रू परत बसवा.

ड्रॉवर काढताना दोन्ही चॅनेलच्या आतल्या प्लास्टिकच्या खिट्ट्या एकदम दाबायच्या: बहुतेक जोडांत एक वर, दुसरी खाली. परत लावताना गोळ्यांची जाळी पुढच्या टोकापर्यंत ओढून घ्या. हे विसरलं आणि जोरानं ढकललं की जाळी वाकते, गोळ्या सांडतात आणि जोड टाकून द्यावा लागतो. या चॅनेलला दोन्हीकडं साधारण साडेबारा-साडेबारा मिलिमीटर जागा लागते. सुतारानं ड्रॉवरचा खोका मोठा केला असेल तर कितीही वंगण घाला, ड्रॉवर जडच चालणार.

पुरात भिजलेलं फर्निचर

2019 आणि 2021 च्या पुरात कितीतरी घरांतली कपाटं पाण्याखाली गेली. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी गाठते तेव्हाच नदीकाठच्या घरांनी ड्रॉवर काढून माळ्यावर ठेवलेले बरे, कारण 43 फुटांच्या धोका पातळीला हात लावायला वेळ उरत नाही. भिजलेलं सागवान वाचतं: गाळ धुवा आणि सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, आठवडे लागले तरी हळू वाळू द्या. उन्हात टाकलं की फळी वाकते, चिरते. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ मात्र एकदा फुगले की परत बसत नाहीत. त्यांवर रंधा मारून घेण्यात पैसे घालवू नका, तो खोका बदला.

सागवानी ड्रॉवरचं पक्कं काम मार्च-एप्रिलमध्ये काढा. तेव्हाही वरची कड तासायची वेळ आली तर मिस्त्रीला सांगा, वर एक सूत (साधारण तीन मिलिमीटर) फट ठेवा, बाजूंना हात लावू नका. तासलेल्या कोऱ्या लाकडाला लाखेच्या पॉलिशचा पातळ हात द्या म्हणजे ओल सावकाश शिरेल. ऑइल पेंट नको, घासणाऱ्या जागी तो ओलीत चिकटतो.