बोर्डोची बाटली घेताना आधी गाव बघा, मग साल

रेड वाइनच्या लेबलवरचं मोठ्या अक्षरातलं नाव जरा बाजूला ठेवा, आधी गाव शोधा. फ्रान्समधल्या बोर्डो या वाइनच्या प्रदेशाचंच बघा ना, नदीच्या डाव्या काठाला पोइयाक, मार्गो वगैरे, तिथे जमिनीत नुसती खडी, पाणी झटकन निचरतं आणि दगड दिवसभराची ऊब धरून ठेवतात, म्हणून उशिरा पिकणारं काबर्ने सोविन्यों जातीचं द्राक्ष तिथे जमतं आणि वाइन होते कडक, तुरट, जीभ कोरडी करणारी. उजवीकडे पोमेरोल, सेंट एमिलियों, तिथे चिकणमाती नि चुनखडी, मर्लो जातीची द्राक्षं जास्त, त्यामुळे मऊ, आलुबुखारासारखी. नवखे असाल तर माझ्या मते उजवीकडूनच सुरुवात करा.

मग साल. हे द्राक्षं तोडल्याचं साल, बाटली भरल्याचं नाही. तिकडे तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला (आपल्या नाशकात साधारण जानेवारी ते मार्च), नेमका तेव्हाच पाऊस लागला की वर्षाची मेहनत पाण्यात. 2003 ला युरोपभर उष्णतेची लाट, बऱ्याच वाइन जॅमसारख्या. 2013 थंड आणि ओलं, म्हणून हलक्या, लवकर पिऊन टाकायच्या. 2010 मात्र घट्ट, आंबटपणा छान, वर्षानुवर्षं टिकणारं. पण भारी साल म्हणजे आजच उघडा असं नाही हं, उलट साध्या सालाची बाटली आधी तयार होते आणि स्वस्तही पडते.

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून वाइनची कड बघा, जांभळी झाक म्हणजे कोवळी, विटकरी म्हणजे मुरलेली. जुन्या बाटलीत गाळ असला तर घाबरू नका, आदल्या दिवशी उभी करून ठेवा, हळूच ओता, तळचे दोन घोट सोडून द्या.