परदेशी न्यायमूर्ती नागपूर खंडपीठात येणार असतील तर: तयारीची यादी

सुरुवात हॉटेलपासून नाही, पत्रापासून करा. पत्र कुणी कुणाला लिहिलंय आणि ते कोणत्या वाटेनं आलंय, हे आधी पाहा. नागपूर हे मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, स्वतंत्र न्यायालय नव्हे. त्यामुळे निमंत्रण असो, होकार असो की खर्च, मान्यता मुख्य न्यायमूर्तींची लागते आणि फाइल मुंबईला रजिस्ट्रार जनरल, म्हणजे कागदावरच्या महाप्रबंधकांमार्फत जाते. एखाद्या दूतावासाचं पत्र थेट खंडपीठाच्या, म्हणजे सिव्हिल लाइन्सच्या टपालात येऊन पडलं, तर त्याला थेट उत्तर देऊ नका. त्याची प्रत त्याच दिवशी मुंबईला पाठवा. दूतावासाशी औपचारिक बोलणं परराष्ट्र मंत्रालय करतं, आपण मंत्रालयाला मुद्दे पुरवतो. दूतावासाची ‘नोट व्हर्बाल’ तृतीयपुरुषी असते आणि तिच्याखाली पूर्ण सही नसते, फक्त शिक्का आणि आद्याक्षरं असतात. आवक विभागानं ती ‘विनास्वाक्षरी, अपूर्ण’ असा शेरा मारून बाजूला ठेवली, तर दोन आठवडे तिथेच जातात. आवक कारकुनाला हे आधीच सांगून ठेवा.

तारीख सुचवताना नागपूरचं पंचांग समोर ठेवा. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की रवी भवन, नाग भवन ही सरकारी विश्रामगृहं आणि शहरातली बरी हॉटेलं भरतात, बंदोबस्ताचे पोलीसही तिकडेच लागतात. विजयादशमीला आणि १४ ऑक्टोबरच्या आसपास दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी असते, त्या दिवसांत ताफा वेळेवर पोचणार नाही. मे महिन्यात न्यायालयाला सुट्टी असते आणि पारा ४५ च्या आसपास असतो, लोकरी कोट घालून आलेल्या पाहुण्याला तो मानवत नाही. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी सगळ्यात सोयीचा. फक्त दिल्लीचं धुकं विसरू नका. थेट परदेशी विमानं मोजकीच असल्यानं बहुतेक पाहुणे दिल्ली किंवा मुंबईमार्गेच येतात, आणि इमिग्रेशन-कस्टम्स त्या पहिल्या विमानतळावरच होतं. बॅगा तिथे उतरवून पुन्हा चेक-इन कराव्या लागतात. म्हणून पुढचं विमान किमान चार तासांनंतरचं घ्या. सकाळी उतरून दुपारी पूर्ण न्यायालयासमोर, म्हणजे सगळ्या न्यायमूर्तींसमोर उभं राहायचं, असा कार्यक्रम कधीच आखू नका. आदल्या संध्याकाळी नागपुरात मुक्काम हवाच.

आठ आठवडे आधी नावांची यादी मागवा आणि ती पासपोर्टवर आहे तशीच मागवा. प्रत्येकाचं नाव, पद, पासपोर्टचा प्रकार, जन्मतारीख, सोबतच्या व्यक्तीचं नातं, आहार, औषधं, चालण्यातली अडचण, भाषा हे सगळं एकाच तक्त्यात घ्या. पासपोर्ट राजनैतिक की साधा, यावर व्हिसाचा प्रकार ठरतो. औपचारिक बैठकीसाठी पर्यटक व्हिसा चालवून घेऊ नका. सोबत त्यांचा शस्त्रधारी अंगरक्षक असेल, तर शस्त्राची परवानगी केंद्राकडूनच येते. शहर पोलिसांना विमानतळावर हे पहिल्यांदा कळलं, तर सगळा ताफा तिथेच उभा राहतो. ज्या हॉटेलात उतरवाल त्याला परदेशी पाहुण्याची नोंद २४ तासांत ऑनलाइन करावी लागते. सरकारी विश्रामगृहात उतरवलंत तर ही नोंद कुणी करायची ते लेखी ठरवा, कारण तिथे ते काम सहसा कुणाचंच नसतं.

नावांवर जरा जास्त वेळ घालवा. व्हिएतनामी, चिनी आणि कोरियन नावांत आडनाव आधी येतं. अनेक इंडोनेशियन लोकांचं नाव एकाच शब्दाचं असतं, तिथे ‘आडनाव’ रकाना रिकामा राहणं ही चूक नव्हे. भूतानमध्ये ‘दाशो’ हा किताब आहे, नाव नव्हे. स्पॅनिश नावात वडिलांकडचं आणि आईकडचं अशी दोन आडनावं असतात, त्यांतलं शेवटचं उचलून ‘मिस्टर अमुक’ म्हणणं म्हणजे त्यांना आईच्या माहेरच्या नावानं हाक मारणं. सूत्रसंचालकाच्या कार्डावर प्रत्येक नाव देवनागरीत, उच्चारानुसार लिहा आणि दूतावासातल्या माणसाकडून फोनवर एकदा म्हणून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण होत नाही, आणि मग व्यासपीठावरून नावाचं खोबरं होतं.

पदांचंही तसंच. सगळीकडे ‘मुख्य न्यायमूर्ती’ हाच सर्वोच्च माणूस असतो असं नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख ‘प्रेसिडेंट’ असतात, तर इंग्लंड आणि वेल्सच्या न्यायव्यवस्थेचं प्रमुखपद वेगळं आहे. जर्मनीत संविधान न्यायालय आणि सर्वसाधारण दिवाणी-फौजदारी बाबींचं शिखर न्यायालय ही दोन निराळी न्यायालयं आहेत. आसनव्यवस्था ठरवताना ‘त्यांच्यात वरिष्ठ कोण’ याचा अंदाज बांधू नका, त्यांच्याकडूनच क्रमानुसार यादी मागवा. मराठी बातमी तयार करताना उच्च आणि सर्वोच्च न्यायालयासाठी ‘न्यायमूर्ती’, त्याखालच्या न्यायालयांसाठी ‘न्यायाधीश’ हा आपला भेद त्यांच्या पदांनाही लावा. पण नेपाळच्या बाबतीत तिथला स्वतःचा शब्द ‘प्रधान न्यायाधीश’ आहे, तो बदलू नका.

आता दुभाषे. पाहुणे इंग्रजी बोलत असतील तर हा परिच्छेद सोडा. नसतील, तर सहा आठवडे आधी माणसं ठरवा, कारण न्यायालयीन भाषा पेलणारा स्पॅनिश किंवा जपानी दुभाषा बहुधा दिल्ली, मुंबई किंवा पुण्याहून आणावा लागतो. वाक्यामागून वाक्य सांगणारा दुभाषा घेतला तर वेळ दुप्पट लागतो. वीस मिनिटांचं भाषण चाळीस मिनिटांचं धरून कार्यक्रम आखा. एकाच वेळी चालणारं भाषांतर हवं असेल, तर एका भाषेला दोन दुभाषे लागतात. ते साधारण वीस ते तीस मिनिटांनी आळीपाळीनं बोलतात, एकट्याच्या जिवावर दिवस निघत नाही. कानातले रिसीव्हर माणसांपेक्षा दहा टक्के जास्त मागवा. ते इन्फ्रारेड असतील तर उघड्या उन्हात किंवा मोठ्या खिडकीतून येणाऱ्या थेट प्रकाशात आवाज तुटतो. नागपूरच्या दुपारी हिरवळीवरचा कार्यक्रम म्हणूनच फसतो, दोष मात्र बिचाऱ्या साउंडवाल्यावर येतो. तिथे रेडिओवर चालणारे रिसीव्हर घ्या किंवा कार्यक्रम सभागृहात हलवा. भाषणांच्या प्रती पाच दिवस आधी द्या, सोबत चाळीस-पन्नास शब्दांची यादीही द्या. लोकअदालत, जनहित याचिका, स्वतःहून दाखल करून घेतलेली याचिका, अंतरिम स्थगिती, वटहुकूम या शब्दांना अनेक देशांत नेमका प्रतिशब्दच नाही. दुभाषा जागेवर काहीतरी ठोकून देतो आणि पाहुणे भलतंच टिपून घेतात.

ध्वजांचं काम स्वतः जाऊन तपासा. भारताच्या ध्वजसंहितेनुसार इतर देशांच्या ध्वजांबरोबर एका रांगेत लावताना तिरंगा सगळ्यात उजवीकडे येतो. ही उजवी बाजू श्रोत्यांकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाची, म्हणजे बघणाऱ्याला तो डावीकडे दिसतो. दोन काठ्या एकमेकींवर तिरक्या लावल्या तर तिरंगा उजव्या बाजूला आणि त्याची काठी पुढे. इतर देश त्यांच्या इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमानं. आकार सारखे ठेवा. नेपाळचा ध्वज आयताकृती नाही, त्यामुळे तिथे उंची जुळवा. इंडोनेशियाचा ध्वज वर लाल खाली पांढरा, पोलंडचा नेमका उलटा. बाजारातून आणलेला टेबलध्वज काठीवर उलटा ओवलेला असू शकतो. कार्यक्रमाआधी एक तास आणि पाहुणे येण्याआधी दहा मिनिटं, असं दोनदा पाहा.

न्यायालयाच्या आत काय दाखवायचं, याला मर्यादा आहेत. भेटीच्या दिवसाचा बोर्ड, म्हणजे सुनावणीच्या प्रकरणांची यादी, आदल्या संध्याकाळी न्यायिक रजिस्ट्रारांकडून तपासून घ्या. पाहुण्यांच्या देशाचं सरकार, कंपनी किंवा नागरिक एखाद्या प्रकरणात पक्षकार असेल, तर त्या कोर्टरूममध्ये त्यांना बसवू नका. त्या देशाच्या माणसाचा जामीन अर्ज आणि समोर त्याच देशाचे न्यायमूर्ती, हे चित्र कुणालाच नको. अशाच कारणानं चालू प्रकरणातल्या वकिलांकडून किंवा कंपनीकडून जेवण, गाडी, पेन, पिशवी काहीही प्रायोजित करून घेऊ नका, रक्कम कितीही किरकोळ असो. परदेशी सरन्यायाधीश आपल्या न्यायपीठावर सन्मानानं बसल्याचं उदाहरण आहे, फेब्रुवारी २०२३ मध्ये सिंगापूरचे सरन्यायाधीश सुंदरेश मेनन दिल्लीत तसे बसले होते. ते आसन मानाचं असतं, निकालाचं नव्हे, आणि नागपुरात कुणी तसं सुचवलं तर निर्णय मुख्य न्यायमूर्तींचा. प्रोटोकॉलच्या माणसानं परस्पर खुर्ची मांडून ठेवू नये. कोर्टरूममध्ये फोटो नाहीत. छायाचित्रकार एकच, अधिकृत, आणि त्याची जागा बाहेरच्या पायऱ्यांवर.

इमारतीची माहिती मात्र भरभरून द्या, पाहुणे तीच विचारतात. इथे २ जानेवारी १९३६ ला नागपूर उच्च न्यायालय स्थापन झालं. आजची घुमटाची दगडी इमारत वास्तुविशारद मेड यांची, तिचं उद्घाटन ६ जानेवारी १९४० ला झालं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर नागपूर मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ झालं. इथले मुख्य न्यायमूर्ती राहिलेले हिदायतुल्ला पुढे भारताचे सरन्यायाधीश आणि काही काळ हंगामी राष्ट्रपती झाले. अलीकडच्या काळात शरद बोबडे आणि भूषण गवई हे दोन सरन्यायाधीश इथल्याच वकिलांच्या बारमधून पुढे आले. हे सगळं एका पानात बसवा, दुसरं पान कुणी वाचत नाही. त्या पानात राजकीय विषय टाळा. पाहुण्यांच्या देशाबद्दल काय बोलावं आणि काय नको, याची टिपणी परराष्ट्र मंत्रालयाच्या संबंधित विभागाकडून मागवा.

कुणीतरी ऐनवेळी ‘एक सामंजस्य करार करून टाकू’ म्हणेल. नम्रपणे थांबवा. असा मसुदा सर्वोच्च न्यायालय आणि केंद्र सरकार यांच्या संमतीशिवाय पुढे जात नाही, दौऱ्याच्या दोन दिवसांत तर नाहीच. सहीच्या टेबलाऐवजी अनुभवांच्या देवाणघेवाणीचा तास ठेवा. ई-फायलिंग, मध्यस्थी, लोकअदालत यांवर बोलणारे आपले अधिकारी भरपूर आहेत.

भेटवस्तू विदर्भाचीच द्या, पण विमानतळाचा विचार करून. करवती किनारीचं वस्त्र किंवा भंडाऱ्याचं टसर उत्तम: हलकं, न फुटणारं, कस्टम्सला न अडणारं. लाकडी वस्तू, बिया, दुधाची मिठाई ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या सीमेवर अडकू शकते, म्हणून संत्रा बर्फी इथेच खायला घाला. ताजी संत्री तर सोबत देऊच नका. अंबिया बहाराची फळं नोव्हेंबर-डिसेंबरात आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला येतात, त्या काळात ती टेबलावर सोलून ठेवली की काम झालं. दीक्षाभूमी दाखवायची तर श्रीलंका, थायलंड, भूतानच्या पाहुण्यांना तिथे शांत अर्धा तास हवा असतो, फोटोची घाई नको. बुद्धमूर्ती ‘शोभेची वस्तू’ म्हणून भेट देण्याआधी दूतावासाला विचारा. जेवणात गोमांस आणि डुकराचं मांस नको, न्यायालयाच्या कार्यक्रमात मद्य नको, हलालची गरज आधी विचारून घ्या. सावजी रस्सा पाहुण्यांना चाखायला वाटीभर द्या, ताटभर नको. पहिल्या दिवशी तर अजिबात नको, दुसऱ्या दिवशीची सगळी सत्रं त्यांनाच काढायची असतात.

पाहुणे गेल्यावर तीन कामं सात दिवसांत संपवा. आभाराची पत्रं फोटोंसह त्याच औपचारिक वाटेनं पाठवा. आपल्याला मिळालेल्या भेटवस्तू नोंदवहीत किंमतीच्या अंदाजासह चढवा. कुणी कुणाला काय कबूल केलं, त्याचा तक्ता रजिस्ट्रार जनरलांकडे द्या. त्या तक्त्यात ‘आता तुम्ही आमच्याकडे या’ हे वाक्य हमखास असतं. यजमान देशानं राहण्या-खाण्याचा खर्च उचलणार म्हटलं, तर परकीय योगदान विनियमन कायदा, २०१० च्या कलम ६ नुसार न्यायाधीशांना केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. त्यासाठीचा एफसी-२ अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि तो प्रवासाच्या साधारण दोन आठवडे आधी पोचायला हवा. तारीख ठरली की तो अर्ज त्याच दिवशी भरायला घ्या.