आधी माणूस, मग नकाशा: फँटसी आरपीजीसाठी लिहायला शिकताना

सोलापुरात राहून गेमसाठी कथा लिहिण्याचं काम करता येतं का, असं विचारणारी मुलं हल्ली वरचेवर भेटतात. कोणी इंजिनिअरिंगला असतं, कोणी मराठी घेऊन बी.ए. करत असतं. बहुतेकांच्या वहीत एक भलंमोठं राज्य असतं. पाच वंश, सात डोंगर, हजार वर्षांचा इतिहास. नद्यांना नावंसुद्धा दिलेली असतात. पण त्या राज्यात सकाळी उठून कामाला जाणारं एकही माणूस नसतं.

मी फँटसी आरपीजीसाठी, म्हणजे काल्पनिक जगात एक पात्र बनून खेळायच्या गेम्ससाठी, क्वेस्ट (खेळणाऱ्यावर सोपवलेल्या कामगिऱ्या) आणि संवाद लिहितो, तेच माझं पोटापाण्याचं काम. नव्यानं येणाऱ्याला मी एकच सांगतो: पहिलं वर्ष माणसं लिहा. ओपन वर्ल्ड, म्हणजे हवं तिकडे हिंडता येईल असं मोकळं जग, मला मनापासून आवडतं, पण ते उभं करायला आर्टिस्ट, प्रोग्रामर, टेस्टर अशी मोठी फौज लागते. एक खोली आणि त्यात अडचणीत सापडलेली दोन माणसं मात्र एकट्याला घरी बसून लिहिता येतात. आणि पुढे मोठ्या जगात काम करायची वेळ आली की तिथेही हीच कमाई उपयोगी पडते.

माणसाची गोष्ट आणि मोकळं जग, या दोन प्रकारांची खरी ओढाताण वेळेवरून होते. माणसाची गोष्ट म्हणते, घाई कर, कोणाचा तरी जीव जातोय. मोकळं जग म्हणतं, सावकाश चल, त्या पडक्या बुरुजामागे काय आहे ते बघून ये. २०११ च्या 'स्कायरिम'मध्ये आल्डुइन नावाचा ड्रॅगन जग गिळायला निघालेला असतो. तुम्ही तोवर डोंगरावर फुलं गोळा करत हिंडलात तरी तो बिचारा थांबून राहतो. खेळणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, कारण त्या गेमचा जीव हिंडण्यातच आहे. पण लिहिणाऱ्यानं हा प्रश्न आधी सोडवायला हवा, आणि चांगल्या गेम्सनी तो कसा सोडवला हे बघणं हाच खरा अभ्यास.

'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) या गेमनं गोष्टच भूतकाळात नेली. नायकाची स्मृती गेलेली आहे, आठवणी जगभर विखुरलेल्या आहेत आणि त्या कुठल्याही क्रमानं सापडल्या तरी चालतात. म्हणजे हिंडणं हेच गोष्ट वाचणं झालं. 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) मध्ये तुमच्या डोक्यात एक किडा सोडलेला असतो आणि थोड्याच दिवसांत तुमचा राक्षस होणार असं सांगितलेलं असतं. पुढे कळतं की कुठल्या तरी शक्तीनं ते रूपांतर रोखून धरलंय. भीती कायम राहिली, आणि हिंडायला मोकळीकही मिळाली. त्यात रात्री तळावर विसावलं की सोबती बोलायला येतात. दिवसभराचं हिंडणं आणि रात्रीचं बोलणं, अशी ती वीण आहे. 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'ची (२००९) वाट वेगळी आहे. तिथे सुरुवातीच्या सहा वेगवेगळ्या कहाण्यांतून तुम्ही कोण आहात हे ठरतं, आणि जग त्या ओळखीनुसार तुमच्याशी वागतं. या तीन गेम्स शेजारी ठेवून खेळलात तर खूप काही हाती लागेल.

आता दोन जागा जरा जवळून बघू. ज्यांनी या गेम्स खेळल्या नसतील त्यांनी हे दोन परिच्छेद सोडून द्यावेत, कारण शेवट फुटतो.

'स्कायरिम'मध्ये उत्तरेच्या किनाऱ्यावर फ्रॉस्टफ्लो नावाचं दीपगृह आहे. दार उघडलं की आत सामसूम आणि घरातल्या बाईचं प्रेत. कोणी बोलायला उरलेलं नाही. टेबलावरच्या डायऱ्या वाचत गेलं की एक कुटुंब दिसू लागतं: समुद्राची ओढ असलेला बाप हाब्द, त्याची बायको, मुलं, आणि तळघरातून येणारे आवाज. तळघराखालच्या गुहेत शेवटी जो अजस्र किडा मारावा लागतो, त्याच्या पोटात हाब्दचे अवशेष सापडतात. आपली राख दीपगृहाच्या ज्योतीत जावी अशी त्याची इच्छा होती. तुम्ही वर चढून ते अवशेष आगीत टाकलेत तर गेम तुम्हाला एक छोटं वरदान देते. हे करा, असं मात्र कोणी सांगत नाही. वाचलं असेल त्यालाच सुचतं. जागेकडून गोष्ट सांगून घेण्याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. आणि बघा, इथेसुद्धा लक्षात राहतो तो हाब्द.

'विचर ३' (२०१५) मधला ब्लडी बॅरन तुम्हाला हवी ती माहिती देईल, पण आधी त्याची हरवलेली बायको आणि मुलगी शोधून द्यायची. शोधता शोधता कळतं की दारूच्या नशेत त्यानंच बायकोला मारझोड केली होती. खेळणाऱ्याला त्याचा राग येतो, कीवही येते, आणि दोन्ही खरं असतं. या क्वेस्टची मेख वेगळ्याच ठिकाणी आहे. जवळच्या एका टेकडीखाली झाडात एक आत्मा कोंडलेला आहे. तो सोडवायचा की मारायचा हे तुम्ही ठरवता. सोडवलात तर दलदलीतली अनाथ मुलं वाचतात, पण बॅरनची बायको मरते आणि तो गळफास घेतो. मारलात तर मुलं जातात, आणि बॅरन वेड लागलेल्या बायकोला घेऊन उपचारांच्या शोधात निघतो. म्हणजे आडवाटेवरच्या टेकडीवर घेतलेला निर्णय एका घराच्या अंगणात येऊन आदळतो. जागा माणसाला बांधली की दोन्ही प्रकारांतलं भांडण मिटतं, ते असं.

ही बांधणी करायचं साधन अगदी साधं असतं. त्याला फ्लॅग म्हणतात. खेळणारा टेकडीवर जाऊन आला का? हो किंवा नाही, एवढीच नोंद. पुढे संवाद लिहिताना त्या नोंदीकडे बघायचं. शिकायला येणारी मुलं गावातल्या साळिणीच्या तोंडी बहुधा असं वाक्य घालतात: "हे वीरा, उत्तरेच्या जंगलात राक्षस आहे, त्याचा वध कर." हे बोलणं कोणाच्याही तोंडी चालेल, म्हणून ते कोणाचंच नाही. त्याऐवजी खेळणारा जंगलात जाऊन आला असेल तर ती मागावरून मान वर न करता म्हणते, "पायाला लाल माती दिसतीय. आमचा धाकटा पण त्याच वाटेनं गेला." गेला नसेल तर म्हणते, "उत्तरेकडं निघालास तर ही घोंगडी ने. आणि ती अंगावर घेतलेला कोणी दिसला तर हाक मार." एक फ्लॅग, दोन वाक्यं. जंगलही आलं, आईही आली.

फाटे किती फोडायचे याचा हिशेब आधीच मांडा. दोन पर्यायांचे तीन निर्णय दिले आणि प्रत्येकाची वाट वेगळी ठेवली तर शेवट होतात ८. असे दहा निर्णय दिले तर १०२४. कोणीही एवढं लिहीत नाही. अनुभवी लेखक वाटा फोडतात, पुन्हा एकत्र आणतात, आणि काय घडलं याची आठवण फ्लॅगमध्ये ठेवून पुढच्या बोलण्यात ती उमटवतात. हे जमलं की अर्धं काम जमलं.

साधनांवर पैसे घालवू नका. ट्वाइन हे फाटे फुटणाऱ्या गोष्टी लिहिण्याचं साधन फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं आणि त्यात मराठी नीट दिसतं. ते अंगवळणी पडलं की इंक शिका. ती संवाद लिहिण्याची स्क्रिप्ट आहे, २०१६ पासून सर्वांसाठी खुली आहे आणि युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरला जोडता येते. छोटा मॅप करून बघायचा असेल तर गोडो हे तसंच दुसरं गेम इंजिन पुरेसं आहे.

आता सोलापूरबद्दल. या शहरानं मला कामापुरतं खूप दिलंय, म्हणून जरा थांबून सांगतो. पूर्व भागात एखाद्या यंत्रमाग कारखान्याजवळच्या चहाच्या गाड्यावर बसा आणि ऐका. एकच माणूस घरच्यांशी फोनवर तेलुगू बोलतो, गाड्यावर मराठी आणि बाहेरून आलेल्या ड्रायव्हरशी हिंदी. विजापूर वेशीकडं गेलात तर कन्नडही कानावर पडेल. कोणत्या भाषेत त्याचा आवाज चढतो, कशात तो हळू होतो, हे टिपून ठेवा. कम्पॅनियन, म्हणजे सोबती पात्राचा आवाज असाच घडतो. वंशावळ लिहून तो घडत नाही.

हिंडण्याचा अभ्यास करायचा असेल तर जानेवारीत ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या, म्हणजेच सिद्धरामेश्वरांच्या, गड्ड्याच्या यात्रेत चालायला या. यण्णीमज्जनाच्या (तैलाभिषेकाच्या) दिवशी सात नंदीध्वजांची मिरवणूक शहरभर पसरलेल्या ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालते. गर्दीत काहीच दिसत नसलं तरी डोक्यांवरून नंदीध्वज दिसतात, आणि कुठं जायचं ते कळतं. ओपन वर्ल्डचा मॅप करणारे दुरून दिसणाऱ्या खुणेवर एवढी मेहनत का घेतात, ते तिथे पायांना समजतं. वाटेतला प्रत्येक थांबा वेगळा: कुठं मोकळं पटांगण, कुठं बोळ. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो आणि सगळी गर्दी एकाच गोष्टीपाशी येऊन थांबते, सिद्धरामेश्वरांशी लग्न व्हावं असं वाटणाऱ्या कुंभारकन्येच्या. तिचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लागला, अशी ती कथा. ६८ ठिकाणं फिरून आलेल्या माणसाला ती ज्या रीतीनं भिडते, तशी घरी बसून ऐकणाऱ्याला भिडत नाही. घरी येऊन त्या मार्गाचा कागदावर नकाशा काढा, आणि कुठल्या वळणावर काय दिसलं ते लिहा.

नोकरीचं म्हणाल तर स्टुडिओ प्रामुख्यानं पुण्या-मुंबईत आहेत. २०२० मध्ये आलेली 'राजी' ही गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची, आणि युबिसॉफ्टचे पुणे-मुंबईत स्टुडिओ आहेत. मुलाखतीपुरती सोलापूर-पुणे हुतात्मा एक्सप्रेस आहेच, आणि लेखनाचं बरंचसं काम घरूनही चालतं. पदांची नावं वाचताना गोंधळू नका. क्वेस्ट डिझायनर खेळणारा काय करेल ते ठरवतो, नॅरेटिव्ह डिझायनर गोष्ट गेममध्ये कुठून कशी पोहोचेल ते बघतो, आणि लेव्हल डिझायनर जागा बांधतो. लहान स्टुडिओत ही तिन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात पडतात.

अर्जासोबत जगाचा इतिहास सांगणारी जाडजूड फाइल पाठवू नका. ती वाचायला कोणालाही वेळ नसतो. दहा मिनिटांत खेळून होईल असं एक ट्वाइन पाठवा: दोन पात्रं, एक जागा, आणि खेळणाऱ्यानं आधी केलेलं एक कृत्य जे शेवटी उलटून समोर येतं. मराठीत लिहा आणि स्वतःच त्याचं इंग्रजी करून दोन्ही द्या. सोबत एका पानावर फ्लॅगचा तक्ता जोडा. तपासणारा बहुधा तो तक्ताच आधी उघडतो.