जर्मनीत नव्यानं आलात? आधी ओव्हन, मग मैदा, मग दुकानातला खाऊ

इथे भाड्याच्या घरात स्वयंपाकघर असेलच असं धरून चालू नका. बऱ्याच घरांत भिंतीत फक्त नळाचे आणि विजेचे जोड असतात. ओटा, कपाटं, शेगडी, ओव्हन सगळं भाडेकरूनं आणायचं. म्हणून घर बघायला जाल तेव्हा ‘आइनबाउक्यूखं’ म्हणजे बसवलेलं स्वयंपाकघर आहे का, हे आधी विचारा. नसेल आणि स्वतः शेगडी-ओव्हन घेणार असाल, तर जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. त्याला ४०० व्होल्टचा जोड असतो, ते काम घरी करून बघायचं नाही.

ओव्हनच्या बटणावरची दोन चित्रं ओळखता आली की निम्मं काम झालं. वर-खाली दोन आडव्या रेघा म्हणजे ‘ओबर-उंटरहित्स’, वरून आणि खालून उष्णता. पंख्याचं चित्र म्हणजे ‘ऊमलुफ्ट’. कृतीत १८० अंश लिहिलं असेल तर ते बहुधा रेघांसाठी असतं. पंखा लावलात तर १६० पुरे. केक आणि नानकटाईला मी रेघाच वापरते, कारण पंख्यानं वरचा थर लवकर सुकतो. दोन ट्रे एकदम भाजायचे असतील तर मात्र पंखा हवाच.

भांडीकुंडी भराभर घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. ट्रे आणि जाळी सहसा ओव्हनसोबत येतात. त्यावर २६ सेंटिमीटरचा ‘श्प्रिंगफॉर्म’, म्हणजे बाजूची कडी उघडणारा गोल साचा, एक डिजिटल वजनकाटा, बेकिंग पेपर आणि हँड मिक्सर एवढं घेतलंत की वर्षभर काही अडत नाही. वजनकाटा सगळ्यात आधी घ्या. इथल्या कृती ग्रॅममध्ये असतात, वाटी-कपात नाही. नंतर हौस वाढली तर जुन्या वस्तूंच्या बाजारात किंवा जाहिरातींत मध्ये नळी असलेला ‘गुगलहुप्फ’चा साचा शोधा. त्यात रवा केक फार सुंदर होतो, कारण मधूनही उष्णता लागते आणि पोट कच्चं राहत नाही.

आता पीठ. ‘मैदा’ असं लिहिलेलं पाकीट मिळणार नाही. पाकिटावर आकडे असतात: ४०५, ५५०, १०५०. शंभर ग्रॅम कोरडं पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते, त्याचा हा आकडा. आकडा लहान, तितकं पीठ पांढरं आणि कोंड्याचा अंश कमी. ४०५ आपल्या मैद्याच्या सगळ्यात जवळचं. केक, नानकटाई, शंकरपाळी यांना तेच. पावासाठी ५५० घ्या, त्याची कणीक ताण जास्त सोसते आणि लादी फुगून येते. यीस्ट लोण्याच्या शेजारी थंड कपाटात ४२ ग्रॅमच्या चौकोनी वडीत मिळतं. कोरड्या यीस्टचं ७ ग्रॅमचं पाकीट अर्ध्या वडीचं काम करतं, म्हणजे अर्ध्या किलो पिठाला पुरतं.

बेकिंग पावडरचं पाकीटही अर्ध्या किलो पिठाच्या हिशेबानंच भरलेलं असतं. ऑगस्ट ओएट्कर या औषधविक्रेत्यानं १८९१ साली बीलेफेल्ड शहरात दुकान घेतलं आणि मोजून भरलेली ही पाकिटं घराघरांत पोचवली. म्हणून जर्मन कृतीत ‘अर्धं पाकीट’ असं माप दिसलं तर गोंधळू नका. खायचा सोडा हवा असेल तर ‘नाट्रोन’ शोधा.

तुपाच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. ‘बुटरश्माल्ट्स’ म्हणजे कढवलेलं लोणी, आपल्या तुपासारखंच, नानकटाईला उत्तम. ‘श्वाइनश्माल्ट्स’ म्हणजे डुकराची चरबी. दोन्ही एकाच कपाटात शेजारी असू शकतात. बव्हेरियात काही बेकऱ्या ब्रेत्सेलमध्येही, म्हणजे गाठीच्या आकाराच्या खाऱ्या पावातही, ही चरबी घालतात, तेव्हा काउंटरवर विचारायला संकोच करू नका. लोक नीट सांगतात.

दुकानातल्या खाऊसाठी पाकिटामागचा ‘त्सुटाटन’, म्हणजे घटकपदार्थ, हा मजकूर वाचायची सवय लावा. शाकाहारी असाल तर ‘जेलाटीनं’ हा शब्द पाठ करा, ते प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनतं. मऊ गोळ्या, थंड चीजकेक, काही दह्यांमध्येसुद्धा ते असतं. हारिबो कंपनीच्या अस्वलाच्या आकाराच्या गोळ्यांत असतं. काट्येस कंपनीच्या गोळ्या २०१६ पासून त्याशिवाय बनतात. ‘व्ही’ खुणेखाली ‘वेगेटारिश’ लिहिलं असेल तर त्यात अंडं असू शकतं. अंडंही नको असेल तर ‘वेगान’ लिहिलेलंच घ्या. काही चॉकलेटांत दारू भरलेली असते, मुलांच्या हाती देण्याआधी बघा.

एवढं वाचून झालं की बिनधास्त चाखा. ‘त्स्वीबाक’ चहात बुडवून खा, आपल्या टोस्टची आठवण येईल. ल्यूबेकचं मार्झिपान बदामाचं असतं, काजुकतली आवडणाऱ्यांना ते लगेच आपलंसं वाटतं. लेबकूखन, म्हणजे नाताळचं मसालेदार बिस्किट, सप्टेंबरातच दुकानात येतं, त्यातलं ‘एलिझन’ घ्या: त्यात किमान चौथा हिस्सा बदाम-अक्रोडांसारख्या सुक्या मेव्याचा असतो आणि पीठ जेमतेम. खारट लाक्रिट्स, म्हणजे ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या, मात्र आधी कुणाकडून एकच मागून घ्या. नवसागराची ती चव सगळ्यांना झेपत नाही.

आणि क्वार्क! चक्का बांधायला वेळ नसेल तर ४० टक्के लिहिलेलं क्वार्क आणा. ते ४० टक्के पाणी वगळून उरलेल्या कोरड्या अंशातल्या स्निग्धाचे, प्रत्यक्षात पूर्ण क्वार्कमध्ये स्निग्ध दहा-अकरा टक्क्यांच्या आसपास. फडक्यात दोन-तीन तास टांगा, पिठीसाखर, वेलदोडा, केशर घाला. गुढीपाडव्याला इथल्या कितीतरी मराठी घरांत असंच श्रीखंड होतं. पिठीसाखर ‘पूडरत्सुकर’ नावानं मिळते.

शेवटची गोष्ट ऑफिसची. इथे वाढदिवस ज्याचा असतो, त्यानंच केक आणायचा असतो, आणि आधीच्या दिवशी शुभेच्छा द्यायच्या नसतात, ते अशुभ मानतात. पहिल्या वाढदिवसाला नानकटाई न्या, ती टिकते आणि कापावी लागत नाही. डब्याशेजारी गहू, दूध, बदाम असे घटक लिहिलेली चिठ्ठी ठेवा. ॲलर्जी असलेल्या सहकाऱ्यांना विचारत बसावं लागत नाही.