सॅन अँटोनियोत नवीन आलात? आधी नळाच्या पाण्याचे ग्रेन मोजा

पुण्या-मुंबईत धरणाचं पाणी वापरलेल्या माणसाला टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचं पाणी पहिल्या महिन्यातच जाणवतं. चहावर पातळ तवंग येतो, शॉवरच्या काचेवर पांढरे ठिपके वाळतात, केस राठ होतात आणि रात्रभर भिजवलेली चवळी कुकरच्या चार शिट्ट्यांनंतरही दाताखाली कचकचते. इथलं पाणी मुख्यतः एडवर्ड्स ॲक्विफरमधून, म्हणजे जमिनीखालच्या चुनखडीच्या थरांतून येतं आणि वाटेत कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. वाकड-हिंजवडीकडे बोअरच्या टँकरवर दिवस काढलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल.

आपल्याला पाण्याचं मशीन म्हटलं की आरओ आणि टीडीएस एवढंच आठवतं. इथे ही दोन कामं वेगळी धरा. सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मऊ करणारं यंत्र, सगळ्या घरासाठी: तो कॅल्शियम काढतो आणि त्याजागी सोडियम सोडतो. आरओ फक्त पिण्या-स्वयंपाकाच्या एका नळासाठी, सिंकखाली. सॉफ्टनरमुळे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, कमी होत नाही, त्यामुळे भारतातून आणलेल्या टीडीएस मीटरने त्याची परीक्षा घेऊ नका. शहराचं पाणी निर्जंतुक करूनच येतं, त्यामुळे यूव्हीवर खर्च नको. तिकडचं मशीनही उचलून आणू नका. ते २३० व्होल्टचं, इथे १२०.

खरेदीच्या आधी मोजणी. इथली पाणीपुरवठा संस्था शहराच्या पाण्याची कठीणता, म्हणजे जडपणा, साधारण १५ ते २० ग्रेन प्रति गॅलन सांगते. गॅलनला एक ग्रेन म्हणजे लिटरमागे १७.१ मिलिग्रॅम क्षार, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात. तुमच्या नळाचा नेमका आकडा थेंबांच्या चाचणीने काढा. कागदी पट्टीवर अंदाजच कळतो. एका थेंबाला एक ग्रेन असा संच घ्या. ट्यूब रेघेपर्यंत भरून भुकटी टाकली की पाणी लालसर होतं. मग द्रावणाचा एकेक थेंब टाकत, हलवत राहा. पाणी निळं झालं की थांबा. सतरा थेंब लागले तर सतरा ग्रेन.

नवीन घराचा ताबा मिळाला की 'फुकट पाणी तपासणी' करणारा विक्रेता दारात येतो. तो तुमच्या नळाच्या पाण्यात दोन कांड्या बुडवून वीज सोडतो. दोन मिनिटांत ग्लासात तपकिरी गाळ तरंगायला लागतो, शेजारच्या आरओच्या ग्लासात काहीच होत नाही. तो गाळ पाण्यातला नसतो, कांडीचं लोखंड विरघळून आलेला असतो. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी असल्याने वीज जवळजवळ वाहत नाही. त्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही तपकिरी होईल. आपल्याकडे प्युरिफायर विकतानाही हाच प्रयोग दाखवतात. भरीला पडून सही केलीच असेल, तर घरी येऊन केलेल्या अशा विक्रीचा करार तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतो. हा अमेरिकेचा केंद्रीय नियम आहे, आणि त्यात शनिवारही कामकाजाचा दिवस धरतात. रद्द करण्याचं पत्र लेखीच द्या.

'मीठ न लागणारा सॉफ्टनर' हा सॉफ्टनर नव्हे. त्याने क्षार चिकटणं कमी होऊ शकतं, पण कॅल्शियम पाण्यातच राहतं आणि साबणाला फेस येत नाही तो नाहीच. शॉवरला लावायच्या फिल्टरचंही तसंच, तो फार तर क्लोरीन कमी करतो. भाड्याच्या घरात असाल तर आरओ आणि पांढरे डाग काढायला व्हिनेगर यांवर भागवा. बाकीचे पैसे वाचवा.

आता आकार. घरात चार माणसं, माणशी रोज ७५ गॅलन, कठीणता १७ ग्रेन: रोजचे ५,१०० ग्रेन झाले. रेझिन म्हणजे यंत्रातले कॅल्शियम धरून ठेवणारे बारीक मणी. आठवड्यातून एकदा ते मिठाच्या पाण्याने धुतलं जावं असं गणित बसवायचं, म्हणजे सुमारे ३६,००० ग्रेनची ताकद हवी. दीड घनफूट रेझिनचं यंत्र '४८,०००'चं म्हणून विकतात. ते ४८,००० मिळवायला एका धुलाईत २२-२३ पौंड मीठ जाळावं लागतं. तेच यंत्र १२ पौंडांत ३६,००० देतं. म्हणून यंत्र थोडं मोठं घ्यायचं आणि मीठ कमी लावायचं. रेझिन १० टक्के क्रॉसलिंकचं, म्हणजे जास्त घट्ट विणीचं, मागा. क्लोरीनच्या पाण्यात ते ८ टक्केवाल्यापेक्षा जास्त टिकतं. डोक्यावरचा व्हॉल्व्ह पाण्याच्या वापरावर चालणारा असावा, घड्याळावर चालणारा नको. फ्लेक किंवा क्लॅक या कंपन्यांच्या व्हॉल्व्हचे सुटे भाग सहज मिळतात आणि स्वतः बदलता येतात. बड्या दुकानात एकाच डब्यात बसवलेलं यंत्र स्वस्त पडतं, पण त्यात रेझिन किती आहे ते आधी वाचा.

बसवणारा माणूस घाईत कारखान्याच्या सेटिंगवरच सोडून जातो, आणि पुढच्या निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. तो घरात असतानाच पडद्यावरचे आकडे तपासा. फ्लेक ५६०० एसएक्सटी या व्हॉल्व्हवर क्षमता ३६ (हजार ग्रेन), कठीणता १७, धुलाईची वेळ रात्री २, आणि वापर कमी असला तरी १४ दिवसांनी धुलाई. मिठाच्या टाकीत पाणी भरायची मिनिटंही बघा. एक गॅलन पाण्यात साधारण तीन पौंड मीठ विरघळतं, म्हणजे १२ पौंडांना चार गॅलन. व्हॉल्व्हवरच्या चिठ्ठीवर मिनिटाला अर्धा गॅलन असं असेल तर आठ मिनिटं. वीज बराच वेळ गेली किंवा मार्च-नोव्हेंबरात घड्याळ बदललं की वेळ पुन्हा लावा. नाहीतर धुलाईची वेळ सरकते, कधी सकाळी आंघोळीच्या वेळीच सुरू होते आणि नळाला कच्चं जड पाणी येतं.

टेक्सासमध्ये बऱ्याच नव्या घरांच्या गॅरेजमध्ये सॉफ्टनरसाठी पाइपांची जोडणी तयार ठेवलेली असते. बागेचे नळ त्यातून वगळलेले आहेत ना, याची खात्री करा. निचऱ्याची नळी ड्रेनच्या पाइपात कोंबायची नसते. तोंड आणि पाइप यांत मोकळी हवा हवी, नाहीतर तुंबलेलं सांडपाणी उलटं यंत्रात ओढलं जाऊ शकतं. गेजवर दाब ८० पीएसआयच्या वर दिसला तर आधी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा. काम परवानाधारक प्लंबरकडून करून घ्या आणि शहराचं परमिट लागतं का ते त्यालाच विचारा.

मिठाचे ४० पौंडांचे पोते मिळतात. वरच्या हिशोबाने एक पोतं तीन आठवड्यांच्या थोडं पुढे जातं. शुद्ध गोळ्यांचं मीठ घ्या. खाणीतल्या खड्यांच्या मिठाची माती टाकीच्या तळाशी साचते. टाकी काठोकाठ भरू नका, निम्म्याच्या आसपास पुरे. दमट हवेत वरच्या मिठाची कडक साय धरते आणि खाली पोकळी राहते. वरून टाकी भरलेली दिसते, पण पाणी मिठाला लागतच नाही आणि नळाला जड पाणी येतं. झाडूच्या दांड्याने मधोमध हळूच दाबून बघा. दांडा एकदम खचून खाली गेला तर पोकळी होती. कडेने ठोकून साय मोडा, पण तळाला घाव घालू नका.

टाकीत पाणी नेहमीपेक्षा वर आलं तर यंत्र खारं पाणी ओढत नाहीये. निचऱ्याची नळी मुडपली आहे का बघा. ती ठीक असेल तर बायपास लावा, म्हणजे पाणी यंत्राला वगळून थेट घरात जाऊ द्या, यंत्रातला दाब सोडा, खारं पाणी ओढणाऱ्या इंजेक्टरचं झाकण उघडा आणि आतली जाळी नि बारीक भोक कोमट पाण्याने, टूथपिकने साफ करा. तार घालू नका, भोक मोठं होतं. नळाच्या जाळीत मोहरीहून बारीक पिवळसर मणी सापडले तर ते रेझिन आहे. आतली खालची जाळी फुटली. लगेच बायपास लावून माणूस बोलवा. महिन्यातून एकदा नळाच्या पाण्यावर थेंबांची चाचणी करा: पहिल्याच थेंबाला निळं झालं पाहिजे.

१७ ग्रेन काढले की लिटरमागे साधारण १३५ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. आई-बाबा राहायला येणार असतील आणि त्यांना रक्तदाबामुळे मीठ वर्ज्य असेल, तर त्यांचं पिणं-स्वयंपाक आरओवरच ठेवा. तुळस आणि कढीपत्त्याला सॉफ्टनरचं पाणी घालू नका, मातीत सोडियम साठतं. बागेच्या जड पाण्यानेही कढीपत्ता पिवळा पडतो. त्याला पावसाचं किंवा आरओचं पाणी सगळ्यात मानवतं.

आरओ घेताना एनएसएफ ५८ हे प्रमाणपत्र बघा. तो सॉफ्टनरनंतरच्या पाण्यावर जोडा, मेम्ब्रेनवर क्षार धरत नाहीत. गाळाचं आणि कार्बनचं काडतूस सहा ते बारा महिन्यांनी बदला. उशीर केला तर क्लोरीन पुढे जाऊन मेम्ब्रेन खातं. धार बारीक झाली तर टाकी पूर्ण रिकामी करून हवेचा दाब मोजा. सात-आठ पीएसआय हवा, कमी असेल तर सायकलच्या पंपाने भरा.

कडाक्याच्या थंडीचा इशारा आला की गॅरेजच्या बाहेरच्या भिंतीलगतचे पाइप नि निचऱ्याची नळी गुंडाळा. फेब्रुवारी २०२१ च्या गारठ्यात टेक्सासभर पाइप फुटले होते. महिनाभर भारतात जाताना सॉफ्टनर बायपासवर टाका आणि घराचा मुख्य नळ बंद करा. आल्यावर सगळे नळ पाच मिनिटं वाहू द्या, सॉफ्टनर चालू करून हाताने एक धुलाई करा आणि आरओच्या पहिल्या दोन टाक्या ओतून द्या.